बाकड्यावरचे काका

चारोटी नाक्यापासून कासापर्यंत आणि तिकडे तलासरीच्या हायवेवर जेवढी गॅरेजं आहेत, त्यांच्यापुढे एक बाकडं असतं आणि बाकड्यावर एक काका असतात. ते गॅरेजचे मालक नसतात, मिस्त्री नसतात आणि गिऱ्हाईक तर नसतातच. त्यांच्या हातात पाना कोणी पाहिलेला नाही. पण गाडी थांबायच्या आत त्यांचं निदान झालेलं असतं.

काकांचा खरा हंगाम म्हणजे ‘चढावर ओढत नाही’वाली गाडी. पंक्चरमध्ये त्यांना रस नाही, कारण खिळा सगळ्यांनाच दिसतो. चढाचा आजार मात्र लपतो, आणि डहाणू तालुक्यात तर फारच लपतो. डहाणूपासून बोर्डीपर्यंत समुद्रकाठचा सपाट रस्ता. चिकूच्या वाड्यांमधून म्हातारी गाडीही मिरवत जाते. कासा सोडून जव्हारची वाट धरली, की तिचं खरं वय कळतं. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात येता येता मालकाचाही दम जातो, आणि परतीच्या उतारावर सुसाट येऊन तो थेट काकांपुढे थांबतो.

काकांचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘तेल कुठे भरलं?’’

गुजरातची हद्द जवळ, म्हणून तेल स्वस्त मिळेल या आशेने निम्मा तालुका पलीकडे जाऊन टाकी भरतो. मालकाने ‘पलीकडे’ म्हटलं, तर ‘‘मग कचरा आला.’’ ‘अलीकडे’ म्हटलं, तर ‘‘मग पाणी आलं.’’

यानंतर क्लचप्लेट, नोजल, टाकीतला पंप, चोक झालेला सायलेन्सर, धरून बसलेला ब्रेक अशी यादी सुरू होते. प्रत्येक कारणाला पुरावा म्हणून काकांची जुनी कमांडर जीप हजर. त्या एका जीपला हे सगळे आजार होऊन गेलेत. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला त्याच जीपमध्ये चौदा माणसं कोंबून काका विवळवेढ्याला जात आणि जीप का ओढत नाही यावर वाटभर चर्चा करत. चौदा माणसं हे कारण मात्र त्यांच्या यादीत कधी आलं नाही.

परवा कासाच्या गॅरेजवर तलासरीचे एक गुरुजी आले. डिझेलची गाडी. हायवेवर झकास, जव्हारच्या चढावर पार मान टाकते.

‘‘प्लग गेले,’’ काका म्हणाले.

‘‘काका, डिझेल आहे. स्पार्क प्लग नसतातच हिला,’’ मिस्त्री म्हणाला.

‘‘तेच सांगतोय. नसतील तर ओढणार कशी?’’

मिस्त्रीने गुरुजींना एकच विचारलं. ‘‘चढावर रेस वाढते आणि गाडी जागेवर राहते, की रेसच वाढत नाही?’’

अर्धं निदान या प्रश्नात असतं. इंजिन ओरडतंय आणि गाडी पळत नाही, तर क्लचप्लेट घासलेली. इंजिनच घुसमटलं, तर हवा कमी, तेल कमी, नाहीतर धूर बाहेर पडायची वाट बंद. गुरुजी म्हणाले, ‘‘रेस वाढत नाही. आणि मागून काळा धूर येतो.’’ म्हणजे तेल पुरेसं मिळतंय, हवा कमी पडतेय.

एअर फिल्टर काढला. हायवेच्या काँक्रीटीकरणाची धूळ त्यातून ओंजळभर निघाली. ‘‘मी काय सांगत होतो!’’ काका म्हणाले. धुळीबद्दल ते अवाक्षर बोलले नव्हते. नवा फिल्टर बसवला. धूर थोडा कमी, बाकी गाडी तशीच. स्कॅनर लावला. ‘‘मशीनला काय कळतंय?’’ काका म्हणाले. मशीनने टर्बोचा दाब कमी असल्याचं दाखवलं. ‘‘मी काय सांगत होतो!’’ दाब का कमी, हे मात्र मशीनने सांगितलं नाही आणि काकांनीही.

उभ्या गाडीत हा आजार सहज सापडत नाही. दहाला एक असा चढ असेल, तर १,२०० किलोच्या गाडीला १२० किलोंची जादा ओढ लागते. म्हणजे दोन काका मागे लोंबकळल्यासारखं. त्या ओढीला टर्बो पूर्ण जोराने हवा भरतो आणि तेव्हाच फटी उघडतात. म्हणून ट्रायल चढावरच घ्यायची.

ट्रायलला काका पुढच्या सीटवर. त्यांचे दोन मित्र मागे, नुसतेच. अर्ध्या चढावर गाडी गुरगुरायला लागली, तसं मिस्त्रीने तिघांनाही उतरवलं. ‘‘वजन कमी करून बघू.’’ तो थोडा मागे गेला आणि दुसऱ्यात दाबून काकांच्या जवळून गाडी वर नेली. परत आला तेव्हा काका लाल झाले होते.

‘‘शिट्टी कोणी मारली मला?’’

‘‘कसली शिट्टी?’’

‘‘माझ्या बाजूने गाडी गेली तेव्हा कोणीतरी बॉनेटमधून शिट्टी मारली. या वयात मला!’’

मिस्त्री तिथेच गाडीखाली शिरला. काच लावून, एसी चालू करून आत बसलेल्यांना ती शिट्टी ऐकू येणं शक्यच नव्हतं. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाईप खालच्या अंगाला, क्लिपेजवळ चिरला होता. एरवी चीर मिटलेली. जोर लागला की उघडायची आणि इंजिनची हवा शिट्टी वाजवत रस्त्यावर जायची. पाईप बदलला, क्लिपा आवळल्या, आणि गुरुजींची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढली.

आता चढावर ओढत नाही अशी गाडी आली, की मिस्त्री आधी काकांना शोधतो. त्यांना अर्ध्या चढावर उतरवून ठेवतो. वजनही कमी होतं आणि कानही बाहेर राहतो. काका मात्र कासाभर सांगत फिरतात, की ट्रायल कशी घ्यायची ते या पोराला आपणच शिकवलं.