हुंकार

सोसायटीच्या टाक्या भरून वाहू लागल्या की यंत्रानंच कळवावं, अशी सूचना मी वार्षिक सभेत केली. सभेनं ती एकमतानं मंजूर करून माझ्याच गळ्यात बांधली. कोथरूडमध्ये ‘तुम्ही इंजिनिअर ना!’ एवढी पात्रता पुरते.

गच्चीवर टाक्या दोन, म्हणून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारे सेन्सरही दोन. त्यांची बोली आय-टू-सी. फिलिप्सनं १९८२ मध्ये काढलेली ही पद्धत मला आवडते, कारण ती आमच्या आजीच्या वळणाची आहे. आजी गोष्ट सांगताना दर वाक्याला ‘हूं’ म्हणायला लावायची. हुंकार थांबला की गोष्ट बंद. आय-टू-सीतही आठ बिट झाले की नवव्या ठोक्याला ऐकणाऱ्यानं तार खाली ओढून ‘हूं’ म्हणायचं. नाही म्हटलं, तर तो झोपलाय किंवा गेलाय.

आय-टू-सीच्या दोन तारांवर शंभराहून जास्त बिऱ्हाडं राहू शकतात, प्रत्येकाचा पत्ता वेगळा हवा एवढंच. माझे सेन्सर मात्र कारखान्यातूनच एक पत्ता घेऊन आलेले जुळे. हाक मारली की दोघंही ‘हूं’ म्हणत आणि दोघांचं मिळून तिसरंच उत्तर येई. यावर उपाय म्हणजे एकाला झोपवायचं, दुसऱ्याचं नवं बारसं करायचं, मग पहिल्याला उठवायचं. लाइट गेले की नवं नाव विसरायचं, हाही त्यांचा बाणा. परत बारसं!

घरातली छोटी स्क्रीन एसपीआयवाली. हे मोटोरोलाचं अपत्य, वेगानं आय-टू-सीला कुठल्या कुठे मागे टाकणारं. पण हुंकाराची भानगडच नाही. दोन रात्री मी स्क्रीनला आकडे पाठवत होतो आणि प्रोग्रॅम खुशीत चालला होता. तार लावलीच नव्हती. आमचे एक काका फोनवर असेच बोलतात.

गच्ची ते घर वीस मीटर. आय-टू-सीचा जन्म एका सर्किट बोर्डापुरता. लांब तारेत शून्याचा एक व्हायलाच इतका वेळ लागतो, की हुंकार पोचेपर्यंत गोष्ट पुढे गेलेली. म्हणून वर एक आणि घरात एक मायक्रोकंट्रोलर बसवला, मध्ये युआर्ट. यात ठोके देणारी तारच नसते. सेकंदाला किती बिट बोलायचे ते दोघांनी आधी ठरवायचं. मी वरच्याला ९६०० सांगितलं, खालच्याला ११५२००. स्क्रीनवर उमटलेलं पाहून बायकोनं विचारलं, ‘‘टाकीत कुणी पडलंय का?’’

वेग जुळवला. लांब पल्ल्यासाठी आरएस-४८५ घेतलं. पीळ दिलेली तारांची जोडी, मजल १२०० मीटरपर्यंत. टोकांची नावं ए आणि बी. कुठल्या टोकाला ए म्हणायचं यावर चिप बनवणाऱ्यांचंच एकमत नाही. चाललं नाही तर उलटं जोडून बघायचं, हेच शास्त्र.

संध्याकाळी सगळं जोडलं. स्क्रीनवर पहिली टाकी शून्य, दुसरी शून्य. ए-बी उलटे केले, स्क्रीन मुकी. सुलटे केले, पुन्हा शून्य-शून्य. जुळ्यांचं बारसं केलं. शून्य. चौथ्यांदा गच्चीकडे निघालो, तर जिन्यात वॉचमन.

‘‘साहेब, आज गुरुवार. पाणी बंद. टाक्या दुपारीच संपल्या.’’

‘‘हूं,’’ मी म्हणालो.