‘याहा’ कुठल्या पेपरात येते?

गुरुजी व्हायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा हवी. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, खुल्या गटाला साठ टक्क्यांना पास. भाषा निवडताना मराठी, इंग्रजी, उर्दू, हिंदी आहेतच. तेलुगू, कन्नड, सिंधीचीही सोय आहे. नंदुरबारात बोलल्या जाणाऱ्या भिली, पावरी, मावची मात्र यादीत नाहीत. 2011 च्या जनगणनेत नंदुरबारातले शंभरातले 69 लोक आदिवासी निघाले. ही बातमी पेपर काढणाऱ्यांपर्यंत जायला वाटेत घाट लागत असावा.

समजा, नंदुरबारातल्या मोलगीकडच्या एखाद्या पाड्यावरची पोर पहिलीत आली. गुरुजी तक्त्यावर छडी टेकवून म्हणतात, ‘अ अननसाचा.’ अननस तिच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलेला नाही. घरी आमचूर सुकतोय, पण त्याचा तक्ता छापलेला नाही. जरा वेळानं ती रडू लागते, ‘याहा, याहा.’ गुरुजी तिला पाणी देतात, मग खडू देतात. तिला आई हवी असते. देवमोगरेच्या याहा मोगी देवीच्या नावातली ‘याहा’ हीच. यात्रेची सुट्टी घेताना गुरुजींनी ते नाव अर्जात लिहिलेलंही असतं.

बरं, गुरुजी कच्चे नाहीत. डीएड झालंय, सराव पाठ झालेत, टाचणवहीला लाल शाईच्या चौकटी आहेत, हेतुकथन झोपेतही म्हणतील. निरीक्षकांनी तक्त्याच्या रंगांना गुण दिले. समोरच्या पोराशी बोलता येतं का, याला रकानाच नव्हता.

पात्रतेचा धाक मात्र वाढतोय. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी काढावी. नवं शैक्षणिक धोरण 2030 पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बीएड मागतंय. आणि 2019-20 च्या टीईटीत गैरप्रकारानं पात्र झालेले सापडले 7,874! चाळणी बारीक आहे, फक्त खालून फाटलेली.

नर्मदाकाठी चिमलखेडीला नर्मदा बचाव आंदोलनानं नव्वदीच्या सुरुवातीला जीवनशाळा काढली, तेव्हा गावचीच पोरं शिकवायला उभी राहिली आणि मुलांच्या बोलीतच बोलली. त्यासाठी कुणी आयोग नेमला नव्हता.

माझी सुधारणा स्वस्तातली आहे. छात्राध्यापकाला सहा महिने मोलगी-धडगावला धाडा. तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून पाड्यावरची एखादी आजी बसवा. तिला त्याचं बोलणं कळलं तर पास. गुणपत्रिकेवर अंगठा चालेल.