पाहू ना भाऊ!

प्रचाराच्या दिवसांत मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या एखाद्या संत्र्याच्या बगीच्यात शिरावं आणि तोडाई करणाऱ्याला विचारावं, ‘यंदा कोनाले देनार?’ तो झाडावरून खाली न बघताच सांगतो, ‘पाहू ना भाऊ.’ यातला ‘ना’ आर्जवाचा की नकाराचा, हे आजवर एकाही उमेदवाराला उमगलेलं नाही. कार्यकर्ता वहीत लिहून टाकतो : अजून ठरलेलं नाही. मग सगळा जोर त्या रकान्यावर.

2023 च्या विधानसभेची गोष्ट घ्या. भाजपनं इथले दोन्ही उमेदवार 17 ऑगस्टलाच जाहीर केले. निवडणुकीची तारीखसुद्धा तेव्हा निघालेली नव्हती. पांढुर्ण्याला प्रकाश उईके, न्यायाधीशाची खुर्ची सोडून आलेले. सौंसरला नानाभाऊ मोहोड. त्याच महिन्यात मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान जामसावळीच्या मारुतीपुढे आले आणि पांढुर्णा जिल्हा करतो म्हणाले. 5 ऑक्टोबरला जिल्हा झालाही. 9 ऑक्टोबरला आचारसंहिता लागली. म्हणजे मध्ये चार दिवस. आपल्याकडे बाळाचं नाव ठेवायलासुद्धा बारा दिवस थांबतात.

डिसेंबरात पेट्या उघडल्या. राज्यात भाजपला 163 जागा. आणि ज्या दोन तहसिलींना अख्खा जिल्हा भेट मिळाला होता, त्या दोन्ही काँग्रेसकडे : पांढुर्ण्यात नीलेश उईके, सौंसरात विजय चौरे. (पांढुर्ण्याची जागा आदिवासींसाठी राखीव, आणि दोन्हीकडून उईकेच. निदान आडनावापुरता तरी मतदार निश्चिंत होता.)

झालं! काँग्रेसवाल्यांना वाटलं, मजूर आपल्या घरचा झाला. साडेचार महिन्यांनी, 19 एप्रिल 2024 ला, लोकसभेचं मतदान झालं. जिल्हा वेगळा झाला तरी लोकसभेची जागा छिंदवाड्याचीच. तिथं काँग्रेसचे नकुलनाथ 1,13,618 मतांनी पडले आणि भाजपचे बंटी साहू दिल्लीला गेले.

‘मतदार गोंधळलेला आहे,’ असं मग दोन्हीकडचे पुढारी आलटून-पालटून सांगत राहिले. गोंधळलेला कोण? नवा जिल्हा झाल्यानं छिंदवाड्याची खेप वाचली, हे खरंच. पण रोजीवाल्याला कलेक्टरकडे वर्षातून कितीदा काम पडतं? त्याचं रोजचं काम बोरगावच्या कारखान्याच्या फाटकाशी, बगीच्याच्या ठेकेदाराशी आणि नागपूरला जाणाऱ्या गाडीशी. त्या तिघांपैकी कोणाचं भूमिपूजन झाल्याचं ऐकलं नाही.

गोटमारीची उपमा इथे दर निवडणुकीत कोणीतरी देतंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचा झेंडा रोवायचा आणि पांढुर्णा नि सावरगाव, दोन्ही काठांवरून दगड. मी ती उपमा टाळतो. झेंड्याला मत नसतं.

बायांचं तर विचारूच नका. जून 2023 पासून ‘लाडली बहना’ योजनेचे दरमहा 1000 रुपये यायला लागले, निवडणुकीच्या तोंडावर 1250 झाले. काँग्रेस म्हणाली, आम्ही 1500 देऊ. भाजप म्हणाला, आम्ही हळूहळू 3000 करू. लिलावात बोली अशीच चढते, फक्त माल उभा राहून ऐकत नसतो. इथे तो ऐकत होता, हिशेबही करत होता. पुढच्या वर्षी महाराष्ट्रानं ‘लाडकी बहीण’ काढली आणि एकदम 1500 दिले. सौंसरच्या किती घरांनी लेकी सीमेपलीकडे सावनेर-नरखेडला दिल्या आहेत! पोळ्याला लेक माहेरी आली की आईला सांगायची, ‘आमाले पंधराशे.’ आईला 1250. आईचे 1500 व्हायला नोव्हेंबर 2025 उजाडला. राज्यांची सीमा 1956 साली कोणत्या तत्त्वावर आखली, हे इतिहासकार सांगतील. अडीचशे रुपयांचा फरक मात्र या मायलेकींनी आधी काढला.

आणि हा ‘पाहू ना’ काही आजचा नाही. 1996 मध्ये छिंदवाड्यातून काँग्रेसचे कमलनाथ यांच्या पत्नी अलका नाथ लोकसभेवर निवडून आल्या. मग त्यांनी राजीनामा दिला आणि 1997 च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या जागी कमलनाथ उभे राहिले. लोकांनी भाजपच्या सुंदरलाल पटवांना निवडलं. वर्षभरात पुन्हा निवडणूक आली, तेच पटवा, तेच नाथ. लोकांनी नाथांना परत आणलं. घरातल्या घरात खुर्ची बदलली तर मधल्या मध्ये आम्हालाही विचारा, एवढंच म्हणणं असावं. रुसवा एक वर्षाचा होता, तो संपला.

पुढची विधानसभा 2028 ची. तोवर आंबिया बहाराची तोडाई दरवर्षी होत राहील आणि निवडणुकीचा नोव्हेंबर नेमका तिच्यावरच येईल. सभेला गेलं तर रोजी बुडते, म्हणून उमेदवारालाच बगीच्यात यावं लागेल. झाडाखाली बसलेली बाई कॅरेटमध्ये संत्री भरताना एकेक फळ फिरवून बघेल आणि बारकी, चुरी फळं बाजूला टाकेल. उमेदवार दोन्ही हात जोडून, एरवी हिंदीत बोलणारा, चक्क मराठीत म्हणेल, ‘ताई, आमच्याकडे लक्ष असू द्या.’

‘हाय ना भाऊ,’ ती मान वर न करता म्हणेल. ‘तुमी बी ठेवजा.’