शनिवारकर

शनिवारकर हे काही त्यांचं खरं आडनाव नाही. ऑस्लोतल्या मराठी मंडळींनी पाठीमागे ठेवलेलं नाव. ते त्यांच्या कानावर गेलंय, पण त्यांना त्यात टोमणा दिसत नाही. हा गृहस्थ जग बघतो, पण रजा न घेता. शुक्रवारी ऑफिस सुटलं की पाठीला सॅक, सोमवारी नऊच्या ठोक्याला पुन्हा खुर्चीत. नॉर्वेत बहुतेकांना वर्षाला पाच आठवडे रजा मिळते आणि लोक ती अगदी हक्कानं घेतात. जुलैत तर अख्खा देशच कुलूप लावून गेल्यासारखा वाटतो. शनिवारकरांचा मात्र सिद्धान्त ठरलेला: रजा म्हणजे मुदत ठेव, ती मोडायची नसते.

त्यांची अशीच एक सफर लाँगयिअरब्येनची. हे स्वालबार बेटांवरचं गाव. ७८ अंश उत्तर, वस्ती अडीच हजारांच्या आसपास, उत्तर ध्रुव तिथून साधारण तेराशे किलोमीटर. ऑस्लोहून थेट विमानानं तीन तास. शनिवारकरांना यातले तीन तास तेवढे ऐकू आले. दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःच शोधून काढली. तिथे साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही.

"म्हणजे बघा," ते मला म्हणाले, "हॉटेलचं भाडं दोन दिवसांचं, उजेड चार दिवसांचा. बाकीचे लोक झोपतात, हा त्यांचा प्रश्न."

हिशेब इतका पक्का, की मीही तिकीट काढलं. वहिनी येणारच होत्या. त्यांना हल्ली कुणी विचारतही नाही.

स्वालबार शेंगेनच्या बाहेर, त्यामुळे ऑस्लोच्या विमानतळावर पासपोर्ट दाखवावा लागतो. तेवढ्या संधीवर शनिवारकरांनी अधिकाऱ्याला १९२० चा स्वालबार करार समजावून सांगितला. करारावर भारताचं नाव आहे, तिथे राहायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, सबब आपण पाहुणे नव्हेत, हक्कदार आहोत. "अहो, ती सही इंग्रजांनी केली होती," वहिनी म्हणाल्या. "सही कुणाचीही असो, हक्क आपला." अधिकाऱ्यानं पासपोर्ट परत दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

गावातल्या हॉटेलात बूट दारातच काढायचे असतात. खाणकामगारांच्या काळात कोळशाची काजळी घरात येऊ नये म्हणून पडलेली ही रीत, अजून चालू आहे. हक्कदारांच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. स्वागतकक्षातली मुलगी शिकवल्यासारखी छताकडे बघत किल्ली देत राहिली.

वहिनींनी खोलीत शिरताच जाड पडदे ओढले आणि झोपून गेल्या. शनिवारकर रात्री बारा वाजता, लख्ख उन्हात, कॅमेरा गळ्यात घालून निघाले. एक वाजता हिमनदी, दोन वाजता जुनी खाण, असं कागदावर लिहिलेलं होतं. पण गाव संपतं तिथे लाल कडेच्या त्रिकोणात पांढऱ्या अस्वलाची पाटी लागते. तिच्यापुढे बंदुकीशिवाय जाऊ नये असं सांगतात, आणि ती चालवता येणारं माणूसही बरोबर हवं. तसे वाटाडे गावात पुष्कळ. पण सूर्य झोपत नसला तरी ते झोपतात. दुकानं बंद, संग्रहालय बंद. मग शनिवारकर रात्रभर एकाच रस्त्यानं वर गेले आणि खाली आले. घरांसमोर आखूड पायांची रेनडिअर चरत होती. पहिल्या फेरीत त्यांनी मान वर करून पाहिलं. नंतर पाहायचं सोडलं. पहाटे चारला (तसं नुसतं घड्याळ म्हणत होतं) शनिवारकर परतले आणि मला उठवून म्हणाले, "एक दिवस वसूल झाला."

सकाळी बोट होती, नॉर्डेनशोल्ड हिमनदीपर्यंत. धक्का सुटला तसे शनिवारकर डेकवरच्या बाकावर बसले, टोपी नाकावर आली, आणि संपलं. मध्येच बेलुगा देवमासे आले. पांढऱ्या पाठी एकामागून एक पाण्यातून वर येत होत्या, अगदी सावकाश, आणि बोटीवर कुणी खोकतही नव्हतं. मी शनिवारकरांना हलवलं. "पुढच्याला उठवा," ते म्हणाले. मग हिमनदीची निळी भिंत आली, तिचा एक कडा गडगडत समुद्रात पडला, तरी ते हलले नाहीत. वहिनींनी सगळं डोळे भरून पाहिलं आणि एकच फोटो काढला: पुढे शनिवारकर, तोंड उघडं, मागे हिमनदी.

रविवारी टॅक्सी करून डोंगरातल्या बियाणे-कोठाराकडे गेलो. २००८ साली उघडलेल्या या कोठारात जगभरची बियाणी उणे १८ अंशांत ठेवली आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूरही त्यात आहे. पाहुण्यांना दिसतं ते फक्त बर्फातून बाहेर आलेलं काँक्रीटचं तोंड आणि बंद दार. "आमची तूर आहे आत," शनिवारकरांनी चालकाला बजावलं. चालकानं मान हलवली. मीटर चालू होतं.

तेवढ्यात वहिनींनी चालकाला हिवाळ्याबद्दल विचारलं. तो इंजिन बंद करून सांगू लागला. ऑक्टोबरअखेरीस सूर्य जातो. परतल्यावरही डोंगराआड राहतो, आणि गावाला दिसतो तो ८ मार्चच्या सुमारास. जुन्या इस्पितळाच्या उरलेल्या पायऱ्यांवर सगळं गाव जमतं, पोरं सूर्याला हाका मारतात, आठवडाभर उत्सव चालतो. मला विचाराल तर हे गाव असंच, कुणाशी तरी बोलत बसून पाहायचं. शनिवारकरांनी यातलं काही ऐकलं असेल असं वाटत नाही. त्यांची नजर मीटरच्या आकड्यावर खिळली होती आणि दर बदललेल्या आकड्यागणिक ओठ हलत होते.

सोमवारी नऊला ते खुर्चीत होते.

पण नॉर्वेचा कायदा मुदत ठेव मानत नाही. रजा त्या त्या वर्षी घ्यावीच लागते, पुढे ढकलता येते ती थोडीफार. त्यामुळे दरवर्षी डिसेंबरात ऑफिस शनिवारकरांना हात जोडून घरी पाठवतं. ऑस्लोत तेव्हा साडेतीनच्या आत सूर्यास्त. ते दिवा लावून पुढच्या वर्षीचे शनिवार-रविवार एक्सेलमध्ये भरत बसतात. वहिनी तेव्हा महिनाभर साताऱ्याला माहेरी असतात. हे जात नाहीत. सातारा म्हणे दोन दिवसांत होत नाही.