पृथ्वी वाचवा, पण तीन टक्के स्वस्तात

एका मोठ्या वाहन कंपनीच्या सस्टेनेबिलिटी प्रमुखांना खुले पत्र



आपल्या खात्याची मेल कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला मिळाली. शनिवारी दुपारी आली. सोबत एक्सेल फाइल, तिच्यात शंभराहून अधिक प्रश्न आणि उत्तरांसाठी बुधवारपर्यंतची मुदत. सगळी मेल हिरव्या रंगात होती. ‘माहिती न दिल्यास व्हेंडर रेटिंगवर परिणाम होऊ शकतो’ ही ओळ तेवढी लाल.

त्याच आठवड्यात आपल्या कंपनीच्या पर्चेस खात्याचीही मेल आली होती. ती चार ओळींची होती. नव्या वर्षासाठी सर्व कास्टिंगवर तीन टक्के प्राइस डाउन अपेक्षित आहे, कृपया होकार कळवावा. तिच्यात वसुंधरेचा उल्लेख नव्हता.

फाउंड्रीच्या मालकांनी दोन्ही मेलची प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवली. आपली आणि पर्चेसची इमारत एकच आहे, कँटीनही एकच असावे. तरीही हे दोन कागद कधी एका टेबलावर आले असतील तर ते शिरोलीतच, याबद्दल त्यांना शंका नाही.

तरीही आपले प्रश्न मनापासून वाचले गेले. ‘संचालक मंडळाच्या पातळीवरील हवामान समिती वर्षातून किती वेळा भेटते?’ समिती रोज रात्री जेवायला एकत्र बसते. मालक, त्यांचा धाकटा भाऊ आणि कागदोपत्री संचालक असलेल्या आई. विषय बहुतेक वेळा वीजबिल. ‘आपले जैवविविधता धोरण जोडा.’ आवारात एक आंब्याचे झाड आहे, त्याखाली दोन कुत्री असतात. धोरण लेखी नाही.

विनोद बाजूला ठेवू. आपल्या मेलमध्ये ही माहिती ‘सेबीच्या नियमांनुसार बंधनकारक’ असल्याचे म्हटले आहे. नियम आपल्याला अधिक ठाऊक असणार, पण उजळणी करायला हरकत नाही. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा शाश्वततेचा अहवाल सक्तीचा झाला. पुढे २०२३ मध्ये पुरवठादारांची माहितीही त्यात यावी असे ठरले आणि कंपन्यांची धावपळ सुरू झाली. मग मार्च २०२५ मध्ये सेबीने ही पुरवठादारांची बाब ऐच्छिक केली. तीही फक्त पहिल्या अडीचशे कंपन्यांसाठी आणि एकूण खरेदीत ज्याचा वाटा किमान दोन टक्के आहे अशाच पुरवठादारापुरती. शिरोलीची ही फाउंड्री आपल्या खरेदीत दोन टक्के सोडा, दोन टक्क्यांच्या शेपटाएवढीही नसेल. सेबीने जे मागितलेले नाही ते आपण सेबीच्या नावाने मागता आहात.

अर्थात कारण समजू शकते. कंपनीच्या स्वतःच्या धुरापेक्षा तिच्या पुरवठा-साखळीचा धूर कितीतरी मोठा असतो. ‘सीडीपी’ या संस्थेने २०२० च्या अहवालात हे प्रमाण सरासरी ११.४ पट काढले होते. याचे नाव स्कोप तीन. म्हणजे आपल्या काचेच्या इमारतीवरचे सौर पॅनेल हा खेळाचा छोटा भाग आहे. खरा कार्बन भट्टीत आहे, आणि भट्ट्या आपण केव्हाच बाहेरच्यांकडे देऊन टाकल्यात.

तर भट्टीबद्दल थोडे. कोल्हापूरच्या बऱ्याच फाउंड्र्यांनी कोकवर चालणारे क्युपोला सोडून इंडक्शन फर्नेस घेतले, तेही कर्ज काढून. त्यात जाते काय? मोठा भाग भंगार. मोडकी यंत्रे, प्रेसशॉपची कात्रणे, जुने ब्रेक ड्रम. आपल्या अहवालात ‘सर्क्युलर इकॉनॉमी’ हे गुळगुळीत पान येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे तेच चालू आहे, फक्त त्याचा फोटो कोणी काढला नाही. एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या आकड्यानुसार देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार केला तर टनामागे ४३० किलोच्या वर. हा कार्बन शिरोलीच्या भट्टीत जळत नाही, औष्णिक केंद्रातल्या कोळशात जळतो. फाउंड्रीवाला तो कमी करू शकतो. छपरावर सोलर घालू शकतो, सौर किंवा पवन वीज विकत घेऊ शकतो, जुना फर्नेस बदलू शकतो, उष्णता वाया जाऊ नये म्हणून झाकण आणि अस्तर सुधारू शकतो. या प्रत्येकाला पैसा लागतो.

आणि पैशाचा विषय निघालाच आहे, तर मूळ दुखण्याकडे येऊ.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजे, हा कायदा २००६ चा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते, हेही त्यातच लिहिले आहे. सुमारे दोन दशके हा कायदा कपाटात नीट राहिला. मग २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ‘४३बी’ला एक पोटकलम जोडले: मुदतीत बिल दिले नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा करता येईल. तेव्हा कुठे कॉर्पोरेट लेखा विभागांना जाग आली. आपल्या कंपनीला आलेली जाग मात्र वेगळीच होती. पर्चेसकडून या फाउंड्रीला फोन आला, ‘तुमची उद्यम नोंदणी मीडियममध्ये बसते का बघा ना!’ कारण मध्यम उद्योगाला ते कलम लागू होत नाही. सामोपचाराचा सूर होता. ऑर्डर कायम राहील असेही सांगितले गेले.

बिले आजही चार महिने अडकतात. त्या चार महिन्यांत फाउंड्रीवाला कॅश क्रेडिटवर व्याज भरतो, भंगारवाल्याला रोख देतो, वीजबिल एक दिवस चुकवत नाही (चुकवले तर महावितरण हरित उद्याची वाट पाहत नाही). सौर पॅनेलचा हप्ता ज्या पैशातून जायचा तो पैसा आपल्या ट्रेझरीत व्याज कमावत बसलेला असतो. पैशाचे चाक आपण स्वतःच्या हाताने अडवून ठेवायचे, आणि वर प्रश्नावली पाठवून विचारायचे की चाक का फिरत नाही? याला निर्लज्जपणा म्हणतात. मृदू शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

प्रश्न क्रमांक ८३ सुद्धा काढून ठेवला पाहिजे. ‘हवामान बदलामुळे आपल्या व्यवसायाला कोणती प्रत्यक्ष जोखीम संभवते?’ ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. ट्रकच्या रांगा लागल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. कास्टिंग तयार होते, गाडी भरलेली होती, रस्ता पाण्याखाली होता. त्या पुरानंतर या फाउंड्रीला आपल्या कंपनीकडून काय आले? लाइन स्टॉपेजची डेबिट नोट. तेव्हा जोखीम कोणती ते आपल्या लेखा विभागालाच विचारावे, त्यांच्याकडे रकमेसह नोंद आहे.

जागतिक आदर्शांचे दाखले आपल्या प्रेझेंटेशनमध्ये असतातच, म्हणून त्यांचीही खबर द्यावी. ‘बीपी’ने २०२० मध्ये दहा वर्षांत तेल-वायूचे उत्पादन ४० टक्क्यांनी घटवण्याचे वचन दिले, २०२३ मध्ये ते २५ वर आणले आणि २०२५ मध्ये तेल-वायूवरचा खर्चच वाढवला. बँकांची नेट-झिरो आघाडी २०२१ मध्ये थाटात सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद पडली. मोठ्यांना वचन मागे घेता येते, त्याला ‘धोरणाची फेररचना’ म्हणतात. फाउंड्रीवाल्याने एक रकाना रिकामा सोडला तर त्याचे रेटिंग जाते.

वेगळे करता येत नाही असे नाही. ‘अ‍ॅपल’ला चीनमधल्या पुरवठादारांची वीज स्वच्छ हवी होती, तेव्हा २०१८ मध्ये तिने दहा पुरवठादारांसह सुमारे ३० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. ती काही धर्मादाय संस्था नव्हे. पुरवठादाराला पिळण्यात तिचाही हात कोणी धरणार नाही. पण वीज बदलायला भांडवल लागते, एवढे तिने मान्य केले.

आता आपल्याविषयी. गेल्या सप्लायर मीटला फाउंड्रीच्या मालकांनी आपल्याला पाहिले होते. आपली वेळ जेवणानंतरची होती. आपण तापमानवाढीचा आलेख दाखवत होतात आणि आवाजात खरी कळकळ होती. पहिल्या रांगेतले पर्चेस हेड दुसऱ्याच स्लाइडला फोन कानाला लावून बाहेर गेले, ते परत आले नाहीत. आपण क्षणभर दाराकडे पाहिले आणि पुढे बोलत राहिलात. दर ठरतात त्या बैठकीला आपल्याला बोलावत नसावेत. आपल्या हाती एक्सेल शीट तेवढी दिलेली दिसते. अधिकार आणि बजेट दुसऱ्या मजल्यावर. तसे असेल तर आपण आणि हा फाउंड्रीवाला एकाच माणसाकडे चकरा मारतो आहोत.

म्हणून मागणी एकच. पुढच्या वेळी प्रश्नावली पाठवू नका. पर्चेसच्या कोटेशनच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून घ्या: सौर विजेवर ओतलेल्या कास्टिंगला किलोमागे किती जादा दर. एक रुपया म्हणा, पन्नास पैसे म्हणा. शून्य लिहायचे असेल तर शून्य लिहा, पण पर्चेस हेडच्या सहीने लिहा, आणि तो फॉर्म वार्षिक अहवालातल्या हिरव्या पानांशेजारी छापा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

ता. क. : भरलेली प्रश्नावली सोबत पाठवली आहे. ‘हवामान-उद्दिष्टे गाठण्यातला सर्वांत मोठा अडथळा’ या रकान्यात फाउंड्रीच्या अकाउंटंटने आपल्या कंपनीकडे थकलेल्या बिलांची यादी चिकटवली. रकाना मोजक्या अक्षरांचा असल्याने ती अर्धीच बसली. उरलेली वेगळ्या मेलने येत आहे.