बेटनियोजक : एक स्वभावनोंद

मराठी मध्यमवर्गातील प्रवाशांमध्ये बेटनियोजक हा प्रकार वेगळा काढून अभ्यासावा लागतो, कारण इतर माणसे सुटीला जातात, तर हा सुटी अमलात आणतो. अंदमान हे त्याचे प्रमुख कार्यक्षेत्र होय. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीचे दर्शन घ्यावे, ही घरातल्या वडीलधाऱ्यांची जुनी इच्छा असते; ती पुरी झाली की ‘दोन दिवस काहीच करायचे नाही’ असा ठराव होऊन शहीद द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंत नील या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या बेटावर, कॉटेजमध्ये उतरायचे ठरते. कॉटेज म्हणजे नारळी-पोफळीत सुटी सुटी बांधलेली, उतरत्या छपराची, पुढे पडवी असलेली खोली. तिच्यात वस्तू थोड्या असतात हेच तिचे आकर्षण, आणि ती उणीव भरून काढणे हेच बेटनियोजकाला आपले कर्तव्य वाटते.

त्याच्या तक्त्यात बोट, पर्यायी बोट आणि पर्यायी बोटही रद्द झाल्यास करावयाची कार्यवाही असे तीन रकाने असतात. अंदमान मुंबईच्या पूर्वेस सुमारे वीस रेखांश असूनही घड्याळ मात्र एकच असल्यामुळे तिथे सूर्य तासाहून अधिक आधी उगवतो. हे समजताच तो सीतापूर किनाऱ्यावरील सूर्योदयासाठी सर्वांना पहाटे चारला उठवण्याची तरतूद करतो आणि ‘काहीच न करणे’ या मूळ कार्यक्रमाला दुपारी दोन ते सव्वातीन अशी वेळ नेमून देतो.

सामान बांधणे हा या शास्त्राचा गाभा होय. देशांतर्गत विमानात सर्वसाधारणपणे १५ किलो सामान खाली देता येते व ७ किलो हातात नेता येते, या मर्यादेला तो नियम न मानता आव्हान मानतो. म्हणूनच लोंबता वजनकाटा, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, किटली, मेतकूट आणि तीन प्रकारच्या गोळ्या आत गेल्यावर उरलेले वजन जाकिटाच्या खिशांत भरून, ते जाकीट अंदमानच्या उकाड्यात घालण्याचे काम थोरल्या मुलाकडे येते. सुके खोबरे तेलकट व ज्वालाग्राही असल्याने विमानात निषिद्ध आहे, तेव्हा लसणीच्या चटणीतले खोबरे खोबरे मानावे की चटणी, यावर घरात दीर्घ चर्चा होते आणि अखेर शेंगदाण्याच्या चटणीवर तडजोड होते. नारळांनी भरलेल्या बेटावर खोबरे न्यावेच कशाला, हा प्रश्न मात्र कोणी उपस्थित करत नाही.

बेटावर यातले फारसे काही लागत नाही, परंतु त्यामुळे यादी आखडत नाही, कारण न लागलेली वस्तू ‘सुदैवाने लागली नाही’ या सदरात कायम राहते आणि एखादी न आणलेली वस्तू, उदाहरणार्थ नखे कापण्याचे यंत्र, पुढील यादीत अग्रस्थानी चढते. परतीच्या बोटीतच लक्षद्वीपचा विषय निघतो. तिथे भारतीय पर्यटकालाही प्रवेशाचा परवाना काढावा लागतो, ही अडचण ऐकून कुटुंबीयांचे चेहरे पडतात. बेटनियोजक मात्र त्या अर्जाला किती प्रती जोडाव्या लागतील याची चौकशी अत्यंत प्रसन्न चित्ताने सुरू करतो.