पक्ष्यांनी थोडे सहकार्य करावे

पक्षीनिरीक्षणाची प्रगती थक्क करणारी आहे. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक 1941 साली आले, त्या मागासलेल्या काळात नवशिक्याला चोचीचा आकार, शेपटीची लांबी, उडण्याची ढब असल्या किरकोळ गोष्टी न्याहाळत ताटकळावे लागे. आता तो भिगवणला 600 मिमीची लेन्स घेऊन उतरतो, आधी धडाधड फोटो काढतो. पक्षी कोणता ते ॲप सांगते. डोळ्यांना विश्रांती.

पक्षी पानाआड दडलाच, तर मोबाइलवर त्याच्याच जातभाईची शीळ वाजवावी. ऐन विणीच्या हंगामात, हद्दीत कोण घुसले म्हणून तो घरटे सोडून धावत येतो. ही तत्परता सरकारी कचेऱ्यांनी शिकण्यासारखी!

तरी बेशिस्त उरतेच. वटवटे मुद्दाम एकसारखे दिसतात. कित्येक माद्या तर मळकट रंगातच वावरतात. अभ्यासक काही पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालतातच. तिथे सरसकट क्यूआर कोड लावावा, म्हणजे निरीक्षणाचा शेवटचा त्रासही संपेल.

परवा भिगवणच्या जलाशयात नावाड्याने नुसत्या आवाजावरून पक्ष्याचे नाव सांगितले. ॲप निरुत्तर होते, त्यामुळे तिथे पक्षी नव्हता असे सर्वानुमते ठरले.